फायबरची पेटी वाकडी का होत नाही?

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या कोणत्याही गावातून चक्कर मारली, तर घरांच्या बाहेरच्या भिंतीवर विजेच्या मीटरच्या करड्या रंगाच्या पेट्या दिसतात. पूर्वी या पेट्या पत्र्याच्या असत. पत्रा गंजतो, आणि आतली एखादी तार सुटून पत्र्याला टेकली तर पेटीला हात लावणाऱ्याला झटका बसतो. म्हणून पत्र्याची जागा हळूहळू 'फायबर'च्या पेटीने घेतली. लोक ज्याला फायबर म्हणतात तो पदार्थ म्हणजे काचेचे तंतू, खडूसारखी भुकटी आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे मिश्रण गरम साच्यात दाबून घडवलेला असतो. तो गंजत नाही, विजेला वाट देत नाही, आणि योग्य द्रव्ये घातली तर सहजासहजी पेटतही नाही.

पण या सगळ्या गुणांचा उपयोग एकाच अटीवर होतो. झाकण पेटीवर नीट बसले पाहिजे. कडेच्या खाचेत रबराची पट्टी असते. झाकण थोडे जरी वाकले तरी ती पट्टी एका बाजूला दाबली जाते आणि दुसऱ्या बाजूला मोकळी राहते. मग त्या फटीतून पावसाचे पाणी शिरते, मुंग्या शिरतात, पाल शिरते. विजेच्या पेटीत पाणी गेले तर काय होऊ शकते ते वेगळे सांगायला नको. आणि नेमकी अडचण अशी, की पॉलिएस्टर रेझिनचा अंगभूत स्वभाव आक्रसण्याचा आहे. साच्यात ते पक्के होताना आकुंचन पावते आणि वस्तूला वाकवते. तरीही पेटी सरळ निघते. ती कशी, हे या लेखात पाहू. त्यासाठी जो उपाय योजतात तो रसायनशास्त्राच्या दृष्टीने मोठा मजेशीर आहे.

या दोन तालुक्यांना हा विषय परका नाही. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, तर सोलापूरच्या रस्त्यावर दौंड तालुक्यात कुरकुंभची. कुरकुंभची वसाहत मुख्यतः रासायनिक कारखान्यांची आहे. राइकहोल्ड या मूळच्या अमेरिकी कंपनीने अशा रेझिनांचा कारखाना रांजणगावला उभारला. पुढे २०१७ साली ती कंपनी इटलीच्या पॉलिंट कंपनीशी एक झाली. म्हणजे ज्या रेझिनविषयी आपण बोलणार आहोत ते अष्टविनायकांपैकी एका गणपतीच्या शेजारी तयार झालेले आहे. बागेतली घसरगुंडी, आगगाडीच्या डब्यातल्या शौचालयाचे कवच, बसचा दर्शनी भाग, मिरवणुकीतली हलकी मूर्ती, या सगळ्यांत हेच रेझिन असते.

कापडातले पॉलिएस्टर आणि हे पॉलिएस्टर

पॉलिएस्टर म्हटले की आपल्याला शर्टाचे कापड आठवते. ते पॉलिएस्टर आणि हे पॉलिएस्टर चुलत भावंडे आहेत. दोन्हींमध्ये आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगाने तयार झालेले एस्टर बंध एकापुढे एक गुंफलेले असतात. फरक असा, की रेझिनच्या साखळीत मधूनमधून कार्बन-कार्बन दुहेरी बंध मुद्दाम ठेवलेले असतात. म्हणून त्याला असंपृक्त पॉलिएस्टर म्हणतात. हे दुहेरी बंध मॅलेइक अनहायड्राइडमधून येतात. त्याच्या जोडीला सामान्यतः थॅलिक अनहायड्राइड आणि प्रोपिलीन ग्लायकॉल असते.

अशा साखळ्यांचा नुसता ढीग मधाहूनही घट्ट असतो, थंड झाला तर काचेसारखा ठिसूळही होतो. म्हणून तो स्टायरीन नावाच्या पातळ द्रवात विरघळवतात. बाजारातल्या रेझिनमध्ये साधारण ३० ते ४० टक्के स्टायरीन असते. फायबरच्या कामाच्या शेडजवळून जाताना जो गोडसर उग्र वास येतो तो याचाच. स्टायरीन इथे दोन कामे करते. आधी ते विरघळवणारा द्रव असते आणि नंतर स्वतःच घन पदार्थाचा भाग होते. रंगातला थिनर उडून जातो, स्टायरीन मात्र बहुतांश आतच राहते. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, ती लक्षात ठेवावी. असंपृक्त पॉलिएस्टरमध्ये स्टायरीनसारखे द्रव्य मिसळले तर ते कितीतरी लवकर पक्के होते, हे कार्लटन एलिस या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात दाखवून दिले, आणि तिथून या धंद्याची वाट मोकळी झाली.

पक्के होण्याच्या क्रियेला कारखान्यात 'क्युअरिंग' म्हणतात. छोट्या शेडमध्ये कारागीर रेझिनमध्ये आधी कोबाल्टचे जांभळट द्रावण मिसळतो आणि वापरायच्या वेळी एक-दोन टक्के 'कॅटॅलिस्ट' घालतो. हा कॅटॅलिस्ट म्हणजे एक सेंद्रिय पेरॉक्साइड असते. (वर्गात शिकवताना इथे एक दुरुस्ती करून घ्यावी. उत्प्रेरक क्रियेत खर्ची पडत नाही, हे पेरॉक्साइड मात्र खर्च होते. तेव्हा धंद्यातले नाव काहीही असो, ते खरे उत्प्रेरक नव्हे. त्याला आरंभक म्हणणे बरोबर.) कोबाल्टच्या मदतीने पेरॉक्साइडचे रेणू तुटतात आणि मुक्त मूलके तयार होतात. मुक्त मूलक म्हणजे ज्याच्याकडे एक एकटा इलेक्ट्रॉन उरला आहे असा तुकडा. तो स्टायरीनच्या दुहेरी बंधावर तुटून पडतो, त्याला जोडला जातो आणि एकटा इलेक्ट्रॉन पुढच्या टोकाला सरकवतो. असे करत स्टायरीनची माळ वाढते, वाटेत पॉलिएस्टरच्या साखळीतला दुहेरी बंध लागला की तोही ओवला जातो. थोड्याच वेळात सगळ्या साखळ्या एकमेकींना आडव्या बंधांनी बांधल्या जाऊन एकच मोठे जाळे तयार होते. या क्रियेत उष्णता बाहेर पडते. डब्यात उरलेले रेझिन तसेच राहिले तर तो डबा हातात धरवत नाही इतका तापतो.

काहीच बाहेर पडत नाही, तरी आकार घटतो

आता आकुंचनाकडे येऊ. भीमा आणि घोड नद्यांच्या खोऱ्यातली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, हे आपल्या परिचयाचे आहे. तिथे मातीतले पाणी निघून जाते आणि उरलेले कण जवळ येतात. विद्यार्थ्यांना विचारले तर रेझिनच्या बाबतीतही बहुतेक जण 'काहीतरी उडून गेले असेल' असेच उत्तर देतील. पण बंद साच्यात काहीच उडून जात नाही. वजन होते तेवढेच राहते. मग आकारमान का घटते?

कारण रेणूंमधले अंतर बदलते. द्रव स्टायरीनमध्ये शेजारशेजारचे दोन रेणू एकमेकांपासून साधारण ०.३५ ते ०.४ नॅनोमीटर अंतरावर असतात. ते एकमेकांच्या सोबत असतात, पण बांधलेले नसतात. त्यांच्यात कार्बन-कार्बन एकेरी बंध तयार झाला की हे अंतर ०.१५४ नॅनोमीटरवर येते. प्रत्येक नव्या बंधाबरोबर दोन रेणू असे जवळ ओढले जातात. दुहेरी बंधाचा एकेरी बंध होताना त्याची लांबी किंचित वाढते खरी, पण ती वाढ या घटीपुढे फारच किरकोळ असते.

हे किती होते, ते आठवी-नववीचा विद्यार्थीही घनतेवरून काढू शकेल. द्रव स्टायरीनची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.९०६ ग्रॅम, तर त्यापासून बनलेल्या घन पॉलिस्टायरीनची १.०५ ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅम स्टायरीन ११०.४ घन सेंटिमीटर जागा व्यापते, आणि त्याचे पॉलिमर झाल्यावर ९५.२ घन सेंटिमीटर. घट सुमारे १४ टक्के! पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन एक तृतीयांशाच्या आसपास असल्यामुळे घट कमी येते. द्रव रेझिनची घनता १.११ आणि पक्क्याची १.२० धरली तर आकारमानात साडेसात टक्के घट मिळते. याचे लांबीत रूपांतर करायचे तर साधारण तिनाने भागायचे, म्हणजे अडीच टक्के. ४०० मिलिमीटर लांबीचे झाकण नुसत्या रेझिनचे ओतले, तर ते १० मिलिमीटर आखूड निघेल.

नुसते आखूड निघाले असते तर फार बिघडले नसते. साचा तेवढा मोठा करता आला असता. खरे दुखणे वेगळे आहे. पक्के होण्याच्या क्रियेत अगदी लवकर, जेमतेम थोडे बंध जुळले असताना, रेझिनचे वाहणे थांबते आणि ते चिकाच्या खरवसासारखे थरथरू लागते. याला 'जेल होणे' म्हणतात. जेल होईपर्यंत झालेले आकुंचन निरुपद्रवी असते. द्रव खाली बसतो, एवढेच. पण बहुतेक बंध जेल झाल्यानंतर जुळतात. तोवर पदार्थ वाहू शकत नाही, साच्याला आणि काचेच्या तंतूंना चिकटलेला असतो, आणि तरी आतून आक्रसायचा प्रयत्न करत असतो. मग आकुंचनाचे रूपांतर ताणात होते. जिथे जाडी जास्त तिथे ताण जास्त. झाकणाच्या मागे मजबुतीसाठी जी आडवी फासळी असते, तिच्या बरोबर समोर दर्शनी पृष्ठभागावर खड्डा पडतो. एका बाजूला तंतू अधिक आणि दुसऱ्या बाजूला कमी असले तर पत्रा द्रोणासारखा वळतो. काचेचे तंतू आक्रसत नाहीत, पण त्यांच्यामधले रेझिन आक्रसून खाली बसते, त्यामुळे गुळगुळीत पृष्ठभागावर तंतूंची नक्षी उमटते. जुन्या फायबरच्या टाकीवर तिरप्या उजेडात पाहिले तर ती दिसते. दंतवैद्य दातात जे पांढरे मिश्रण भरून निळ्या दिव्याने पक्के करतात त्यालाही हाच आजार आहे. ते आक्रसले तर दात आणि भरण यांच्यात फट पडते. म्हणूनच ते एकदम न भरता थराथराने भरण्याची रीत पडली.

भुस्कटाची युक्ती

पहिला उपाय आपल्या घराघरांत पूर्वीपासून होता. मातीच्या भिंतीचा गिलावा करताना चिखलात भुस्कट कालवतात. वीटभट्टीवर मातीत राख किंवा उसाची बगॅस मिसळतात. याची दोन कारणे आहेत. एक तर जो भाग आक्रसतच नाही त्याचे प्रमाण वाढते. दुसरे म्हणजे एक मोठी भेग पडण्याऐवजी असंख्य बारीक भेगा पडतात, ज्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि भिंतीला नडत नाहीत. दुसरे कारण थोडे बाजूला ठेवा, त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

रेझिनमध्ये भुस्कटाचे काम काचेचे तंतू आणि कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी करतात. मीटरपेटीच्या मिश्रणात वजनाने पाव-तीस टक्केच रेझिन असते, बाकी सगळे न आक्रसणारे. यामुळे लांबीतली घट अडीच टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांच्या आसपास येते. ४०० मिलिमीटरच्या झाकणात १.२ मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटते, पण ही घट सगळीकडे सारखी पसरत नसते. ती जाडीच्या जागी एकवटते आणि झाकण वळते. मोटारींचे दर्शनी भाग करणाऱ्यांना तर एवढेही चालत नाही. आरशासारखा रंग चढवायचा असतो, त्यात खड्डा लगेच दिसतो. भुकटी आणखी वाढवावी तर मिश्रण साच्यात वाहत नाही. इथे हा उपाय संपतो.

थर्मोकोल, फेव्हिकॉल आणि अ‍ॅक्रिलिक

१९६० च्या दशकाच्या अखेरीस दुसरा उपाय बाजारात आला. रेझिनमध्ये थोडे दुसरे पॉलिमर विरघळवायचे. असे पॉलिमर, की जे या सगळ्या जुळवाजुळवीत भागच घेत नाही. कारखान्यात यांना 'लो प्रोफाइल अ‍ॅडिटिव्ह' म्हणतात. प्रोफाइल म्हणजे इथे पृष्ठभागावरचा चढउतार. आपण त्यांना पूरक पॉलिमर म्हणू.

नावे ऐकायला अवघड आहेत, पण द्रव्ये घरातलीच आहेत. पॉलिस्टायरीन म्हणजे ज्याचा फुगवून थर्मोकोल करतात ते. पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट म्हणजे फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या डिंकातले मुख्य द्रव्य. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट म्हणजे फलकांना वापरतात तो पारदर्शक अ‍ॅक्रिलिक. (म्हणून कोणी रेझिनमध्ये फेव्हिकॉल ओतून पाहू नये. त्यात निम्म्याच्या आसपास पाणी असते आणि पाणी रेझिनला बाधते. आणखी एक घोटाळा टाळावा: साच्याला वस्तू चिकटू नये म्हणून कारागीर ज्या 'पीव्हीए'चा हात फिरवतात ते पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, हे नव्हे.) हे पॉलिमर आधी स्टायरीनमध्ये विरघळवून घेतात आणि ते द्रावण रेझिनमध्ये मिसळतात.

आता प्रश्न असा, की जे द्रव्य क्रियेत भागच घेत नाही ते आकुंचन कसे थांबवते? नुसते जागा अडवून म्हणावे, तर त्याचे प्रमाण फार थोडे असते. भुकटीसारखा हिशोब लावला तर त्याने नगण्य फरक पडायला हवा. प्रत्यक्षात घट ०.०५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे झाकणामागे ०.२ मिलिमीटरपर्यंत येते. कधी कधी तर वस्तू साच्याहून किंचित मोठीही निघते. तेव्हा इथे काही वेगळेच घडत असले पाहिजे.

काय घडते ते समजायला डेटॉलचे उदाहरण घेऊ. बाटलीतला डेटॉल पारदर्शक असतो, पाण्यात टाकताच दुधाळ होतो. डेटॉलमधला तेलकट भाग अल्कोहोलमध्ये विरघळलेला असतो. भोवती पाणी वाढले की त्या भागाला विरघळलेले राहणे जमत नाही, तो सूक्ष्म थेंबांच्या रूपाने वेगळा होतो. त्या थेंबांवर प्रकाश विखुरतो आणि द्रव पांढरा दिसतो. पूरक पॉलिमरचे तसेच होते. आरंभी ते स्टायरीनमध्ये विरघळलेले असते. पॉलिएस्टर आणि स्टायरीनचे जाळे विणले जाऊ लागले की ज्याच्या आधाराने ते विरघळले होते ते स्टायरीनच खर्ची पडू लागते. जाळ्यात त्याला जागा उरत नाही. ते उरलेले थोडे स्टायरीन सोबत घेऊन बारीक बारीक कप्प्यांत वेगळे होते. आता एकाच वस्तूत दोन प्रांत झाले. एक कडक जाळ्याचा आणि दुसरा मऊ पूरक पॉलिमरचा.

मीटरपेटीचे मिश्रण १४० ते १५० अंश सेल्सिअस तापमानाच्या पोलादी साच्यात, दर चौरस सेंटिमीटरला ५० ते १०० किलोग्रॅम दाबाखाली दोन-तीन मिनिटे धरतात. या तापमानाला पूरक पॉलिमर मऊ आणि चांगलेच प्रसरण पावलेले असते. जाळे सगळीकडून आक्रसू पाहते, पण ते साच्याला, तंतूंना आणि भुकटीच्या कणांना जखडलेले असते. ताण वाढत जातो, आणि शेवटी तो सर्वांत दुबळ्या जागी मोकळा होतो. ही दुबळी जागा म्हणजे मऊ कप्पा, किंवा कप्पा आणि जाळे यांची सीमा. तिथे सूक्ष्म भेगा पडतात, पोकळ्या तयार होतात. एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपासच्या किंवा त्याहून लहान, आणि असंख्य. ज्या आकुंचनाने बाहेरचे माप घटायचे होते ते या पोकळ्यांच्या रूपाने आतच जिरते. म्हणजे जाळे आक्रसायचे ते आक्रसतेच, कारण बंधांची लांबी कोणी बदलू शकत नाही. फक्त त्या आक्रसण्याची जागा बदलते. भुस्कट घातलेल्या गिलाव्याचे जे दुसरे कारण आपण बाजूला ठेवले होते, ते इथे पुन्हा भेटते.

हे स्पष्टीकरण एका दिवसात मान्य झाले नाही. आधी एक वेगळी कल्पना मांडली गेली होती. स्टायरीन १४५ अंशांना उकळते, साच्याचे तापमानही तेवढेच असते, तेव्हा कप्प्यांतले स्टायरीन उकळून वाफेच्या दाबाने वस्तू फुगत असावी, अशी. वरवर ती पटते. पण अकरावीचा विद्यार्थीही तिच्यावर एक आक्षेप घेऊ शकेल. उत्कलनबिंदू हा वातावरणाच्या दाबाला असतो. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोग्रॅम, साच्यातला दाब त्याच्या पन्नास पट किंवा अधिक. त्या दाबाखाली १५० अंशांना स्टायरीन कसे उकळेल? पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तोडलेल्या पृष्ठभागावर पोकळ्या दिसल्या. पक्के होत असताना आकारमान सतत मोजले, तर ते आधी घटत जाते आणि मग एका टप्प्यावर घट थांबून उलट वाढ दिसते. ताण एकदम मोकळा होण्याशी हे जुळणारे आहे.

कोणते पूरक निवडायचे हे मग काय हवे त्यावर ठरते. पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट ३० ते ४० अंशांच्या आसपासच मऊ पडते, त्यामुळे वस्तू थंड होत असतानाही ते बराच वेळ मऊ राहून ताण सोडवत राहते. आकुंचन मारण्यात ते पटाईत. पण पोकळ्या जितक्या जास्त तितका प्रकाश जास्त विखुरतो, आणि वस्तू पांढुरकी पडते. बर्फाचा खडा पारदर्शक असतो, किसलेला बर्फ पांढरा दिसतो, तोच हा प्रकार. मिश्रणात घातलेला रंग अशा वस्तूत फिका आणि डागाळ उमटतो. म्हणून वरून रंग मारायचा असेल तिथे ते चालते. मोटारीच्या भागांचे तसेच असते. पॉलिस्टायरीन १०० अंशांपर्यंत कडकच असते. ते आकुंचन कमी करते, पूर्ण मारत नाही, पण रंग चांगला उमटू देते. मात्र ते रेझिनमध्ये फार काळ मिसळून राहत नाही. पिंप ठेवून दिले तर थर वेगळे होतात आणि वापरण्याआधी ढवळावे लागते.

या पोकळ्यांची किंमत मोजावी लागते ती फक्त रंगातच नव्हे. पोकळ वस्तू थोडी कमी मजबूत असते. पूरक जास्त झाले तर पाणी शोषण्याची प्रवृत्तीही वाढते, आणि विजेच्या पेटीला ते परवडणारे नाही. एवढ्यासाठी पूरक कमीत कमी किती पुरेल याचा शोध कारखान्यातला रसायनतज्ज्ञ सतत घेत असतो.

क्युअरिंगवर होणारा परिणाम

पूरक पॉलिमर बंध जुळण्यात भाग घेत नसले तरी बंध जुळण्याची गती बदलते. एक तर त्याने रेझिन विरळ होते. एकमेकांना भेटणारे दुहेरी बंध कमी, म्हणून उष्णताही कमी निघते आणि कमाल तापमान खाली येते. दुसरे, ते स्वतःबरोबर स्टायरीन पळवते. त्यामुळे जाळ्यात स्टायरीनचा वाटा घटतो आणि कप्प्यांतले स्टायरीन मागाहून, स्वतंत्रपणे जुळते. एकाऐवजी दोन टप्प्यांत पक्के होणारा हा पदार्थ साच्यातून घाईने काढला तर काही स्टायरीन न जुळलेलेच राहते. अशा वस्तूला नंतर कितीतरी दिवस वास येतो.

मोठ्या कारखान्यात साचा गरम असतो, म्हणून हे सगळे हिशोबात बसवता येते. पण शेडमध्ये ब्रशने थर चढवणाऱ्या कारागिराचे काय? त्याच्याकडे ना गरम साचा, ना दाब. या दोन तालुक्यांत मे महिन्यात दुपारी पारा चाळीसच्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहाच्या आसपास उतरतो. तेच रेझिन मेमध्ये हाताहातात जेल होते आणि जानेवारीत तासभर ओलेच राहते. गार हवेत पूरक पॉलिमर नीट वेगळे होत नाही, पुरेसे फुगत नाही, आणि पोकळ्या पडायच्या त्या पडत नाहीत. म्हणून साध्या कामात कारागीर जुन्या युक्त्यांवरच भिस्त ठेवतो. एका वेळी एक-दोनच थर चढवणे, कॅटॅलिस्ट मोजून घालणे, आणि वस्तू पुरती पक्की होईपर्यंत साच्यातून न काढणे.

साचे बनवण्यासाठी मात्र पूरक घातलेले खास रेझिन मिळते, आणि त्याची रीत नेहमीच्या अगदी उलट आहे. इतर वेळी उष्णता म्हणजे शत्रू, म्हणून थर पातळ. इथे चार-चार थर एकदम चढवायचे, कारण कप्पे वेगळे व्हायला जी उष्णता लागते ती बाहेरून मिळत नाही. ती रेझिनच्या स्वतःच्या क्रियेतूनच यावी लागते. थर पातळ असेल तर ती उष्णता हवेत निघून जाते आणि महागडे रेझिन साध्यासारखेच आक्रसते. क्रिया साधली की नाही हे डोळ्यांनी कळते. गडद दिसणारा थर पक्का होता होता पांढुरका पडतो. जिथे पांढरा झाला नाही तिथे पूरकाने काम केले नाही. तासाभरापूर्वीच्या डेटॉलच्या दाखल्याने हे ज्या विद्यार्थ्याला कळले, त्याला आयटीआयमध्ये गेल्यावर कोणी हे पाठ करायला लावणार नाही.

वर्गात काय करता येईल

रेझिनचा प्रयोग शाळेत करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पेरॉक्साइडचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. कोबाल्टचे द्रावण आणि पेरॉक्साइड थेट एकत्र आले तर भडका उडतो, कधी स्फोटही होतो. म्हणूनच कारागीर आधी एक रेझिनमध्ये पूर्ण मिसळतो आणि मगच दुसरे घालतो. ज्यांचे विद्यार्थी सुट्टीत अशा शेडमध्ये मजुरीला जातात त्या शिक्षकांनी एवढे तरी वर्गात जरूर सांगावे. स्टायरीनची वाफ डोळ्यांना आणि घशाला चुरचुरते, डोके जड करते. शेडला आरपार वारा हवा.

मातीचा प्रयोग मात्र निर्धास्तपणे करता येतो. काळी माती चाळून घ्या आणि पोळीच्या कणकेइतकी घट्ट मळा. तिचे चार भाग करा. एक तसाच ठेवा. दुसऱ्यात बारीक राख, तिसऱ्यात बारीक चाळलेली बगॅस किंवा भुस्कट, आणि चौथ्यात दुसऱ्याच्या दुप्पट राख मिसळा. प्रत्येकाची १५० मिलिमीटर लांब, २५ मिलिमीटर रुंद आणि सारख्या जाडीची पट्टी थापा. पट्टीखाली तेल लावलेली काच ठेवा, म्हणजे ती अडकणार नाही. वर टाचणीने बरोबर १०० मिलिमीटर अंतरावर दोन खुणा करा. सावलीत तीन-चार दिवस सुकू द्या आणि अंतर पुन्हा मोजा. जितके मिलिमीटर घटले तितके टक्के आकुंचन. असाच दुसरा संच तेल न लावता खडबडीत फळीवर थापा. या पट्ट्या अडकलेल्या असल्यामुळे त्यांचे माप फारसे घटणार नाही, पण भेगा पडतील. कोणत्या पट्टीत थोड्या आणि रुंद भेगा पडल्या, कोणत्या पट्टीत पुष्कळ आणि बारीक, हे भिंगाखाली मोजून तक्ता करा. सुकलेल्या पट्ट्या दोन विटांवर आडव्या ठेवून मध्ये वजन टांगले तर कोणती किती वजनाला मोडते तेही कळेल, आणि आकुंचन कमी करण्यासाठी मजबुती किती गमावली याचा आकडा तक्त्यात शेजारीच लिहिता येईल.